खुर्चीवरचं कोहळं

लग्न होऊन मी सिंदीला आले आणि आठवडा होत नाही तो माझं वांगं चोरीला गेलं. चोरीला म्हणजे काय, दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांदेखत. ओसरीवर टोपली ठेवून मी पाण्याला वळले, तेवढ्यात घरमालक आले, टोपलीत हात घातला, एकेक वांगं उजेडाकडे धरून पाहिलं आणि त्यातलं एक जोडवांगं धोतराच्या सोग्यात घालून चालते झाले. मी आपली नवी नवरी, बोलायचं कसं? पण गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. "अहो काका, ते भरायचं होतं मला!" मी ओरडले. ते मागे न वळताच म्हणाले, "भरजो नं. पहिले त्याचा फोटो तं निघू दे."

काकांचा फोटोचा स्टुडिओ होता. सिंदी म्हणजे कापसाचं गाव. हंगामात कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग पार स्टेशनापर्यंत लागायची. आमचे हे मालधक्क्यावर बाबू होते. स्टुडिओच्या मागे आमच्या दोन खोल्या, शेजारी काका-काकूंच्या दोन, मधे अंगण, आणि अंगणातून काकूंचा कोहळ्याचा वेल चढून थेट छपराच्या कवेलूंवर पसरलेला. तुमच्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात, ते आमच्याकडचं कोहळं. ते नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

त्या घरात भाजी चुलीवर चढायच्या आधी फोटोला बसायची. बाजाराच्या दिवशी काका सगळ्यांच्या आधी पिशवी घेऊन निघत, आणि आणायचे काय, तर पीळ पडलेली काकडी, शिंग फुटलेला टमाटा, एकमेकांच्या गळ्यात गळा घातलेल्या दोन मिरच्या. सरळ दोडका त्यांच्या नजरेला कधी आलाच नाही. बाजारातल्या माळणी लांबूनच हाका मारायच्या, "मालक, तुमचं वाकडं-तिकडं काढून ठेवलं हो!" काकू कपाळाला हात लावून मला म्हणायच्या, "लग्न झाल्यापासून माह्या नशिबी सरळ काकडी आली नाई बाप्पा. अन् माणूस कसा भेटला तो तं तू पाह्यतच आहे."

उत्तरेकडच्या खिडकीखाली एक टेबल, त्यावर धुतलेली चादर, समोर तीन पायांचा लाकडी कॅमेरा, आणि फोटो काढताना डोक्यावरून घ्यायचा त्याचा काळा कपडा. वांग्याला तेलाचं बोट लावून चकाकी आणायची, काकडीवर पाण्याचे थेंब शिंपडायचे आणि मग त्यांच्याशी बोलायला लागायचं. "थोडी मान इकडं कर. अशी. आता चूप बस." मी सुरुवातीला घाबरलेच. यांना म्हटलं, "अहो, घरमालक दोडक्याशी बोलतात." हे म्हणाले, "दोडकाच ना? मग बोलू दे. भाडेकरूशी बोलायला लागले की भाडं वाढवतात."

माणसांचे फोटो काढण्यात त्यांचा जीव नव्हता. काढायचे, पोटासाठी. पण गिऱ्हाईक जरा हललं की संपलं! "माणूस हालते," ते तोंड कडू करून सांगायचे, "वांगं हालत नाई." हललेल्या फोटोची काच ते मागच्या अंगणात नेऊन दगडावर फोडत. ती कोणी पायात भरून घेऊ नये म्हणून काकू झाडू घेऊन मागे उभ्याच. शिवाय माणसाकडे पाहिलं की त्यांना भाजीच दिसायची. एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींना तोंडावर म्हणाले, "शेटजी, तुमी बाजूनं कोहळं दिसता अन् समोरून लौकी. काय काढू?" लौकी म्हणजे दुधी. शेटजी विचार करून म्हणाले, "लौकी काढा. घरचे म्हणतात, जाड दिसू नका." मला त्यांनी लिंबू ठरवलं होतं. मी दोन दिवस बोलले नाही. शेवटी काकूंनीच समजूत घातली, "अवो, लिंबाशिवाय वरणाले चव असते काय? तो कौतुक करून राह्यला तुहं. त्याले तसंच येते."

पण हात होता हो माणसाचा! वेडा म्हणा, काही म्हणा. एकदा त्यांनी कारल्याचा फोटो मोठा करून स्टुडिओच्या दाराशी लावला. नुसती कारल्याची पाठ, एका बाजूने उजेड, दुसऱ्या बाजूला सावली. गावात चर्चा सुरू झाली की हा डोंगर कोणता. कोणी म्हणे सातपुडा, कोणी म्हणे हिमालयाचा असेल. एक पेन्शनीतले मास्तर होते, ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "अरे, मी चढलो आहे हा. वर पाण्याचं टाकं आहे." काकांनी ऐकून घेतलं, आत गेले, परडीतून एक कारलं आणून मास्तरांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "घ्या, आता घरी नेऊन चढा." त्या फोटोपासून मीही कांदा चिरला की आतल्या चकत्या क्षणभर पाहू लागले. मग भाजी करपायची आणि हे चिडायचे.

आता कोहळ्याकडे येते.

पहिल्याच पावसाळ्यानंतर मी बाजारातून एक लहानसं कोहळं आणलं, विळी मांडली आणि आता चिरणार तोच काकू धावत आल्या. "थांब वो! बाईमाणसानं अख्खं कोहळं फोडू नये. थोरला लेक असते तो घरचा. पहिली चीर गड्यानं द्याची, मंग बाईनं चिराचं." रीत मला ठाऊक होती, पण हे ड्यूटीवर, आणि मला भूक लागलेली. काका ओसरीवर बसलेच होते. मी कोहळं आणि सुरी त्यांच्यापुढे नेली. म्हटलं, "काका, एवढी एक चीर द्या." तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले! चांगला धिप्पाड माणूस, आणि कोहळ्याकडे पाहून मागे सरकला. "माह्याच्यानं नाई होत बाई," म्हणाले, "दुसरं काई सांग." मी मनात म्हटलं, बाई गं, काय हा भित्रेपणा! त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.

मग एक दिवस स्टुडिओच्या आतल्या खोलीत काकूंना शोधत गेले, तर भिंतीवर एका रांगेत कोहळ्यांचे फोटो. नुसते टेबलावरचे नव्हेत. लोक आपल्या पहिल्या वाढदिवसाच्या बाळांना ज्या कोरीव खुर्चीत बसवून फोटो काढून घेत, त्या खुर्चीत बसलेलं कोहळं. एकाच्या डोक्यावर कुंची, एकाच्या देठाला काळा दोरा, एकाच्या शेजारी खुळखुळा. मला हसू आलं, जोरात आलं. काका मागेच उभे होते. म्हणाले, "काकूच्या वेलाचं दरसालचं पहिलं कोहळं. हे आमचं थोरलं." आणि मग रांगेवरून बोट फिरवत, "हेबी थोरलं. हेबी. आमच्याकडं दरसाली थोरलंच होते, धाकलं काई होत नाई." ते हसत होते. मी मात्र हसायची थांबले. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. ती कोहळी कधी कोणी चिरली नाहीत. फोटो झाला की माचीवर ठेवायची. ती तिथे सुकून आपोआप तडकायची, मग बी घेऊन काकू पुन्हा पेरायच्या; वेलाची बाकीची कोहळी त्या गावात वाटून टाकत.

काकू कोणाच्या डोहाळजेवणाला जात नसत. बोलावणं आलं की त्यांचं डोकं दुखायचं. मला दिवस गेले तेव्हा मात्र पहिल्यांदा ओळखलं त्यांनीच, आमच्या ह्यांच्याही आधी. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. म्हणून बाळंतपण सिंदीलाच करायचं ठरलं. ओकाऱ्यांनी मी अर्धी झाले तेव्हा पहाटे उठून ज्वारीची पेज करून देणाऱ्या काकू, चिंच लपवून ठेवणाऱ्या काकू, पाय चेपणाऱ्याही काकूच. मी मनाशी पक्कं केलं होतं की माझी पहिली ओटी याच भरतील. मी तसं बोलून दाखवलं तर काकूंनी हातातली पळी खाली ठेवली. "तसं बोलू नको वो," म्हणाल्या, "ओटी लेकुरवाळीनं भराची असते. मी भरली अन् काई झालं तं? मले आपलं चुलीपाशी राहू दे." आणि त्यांचे डोळे भरले.

मी रागाने लाल झाले. राग काढायला काका सापडले. ते फोटोच्या काचा धुवत होते. म्हटलं, "तुम्ही काही सांगत का नाही काकूंना?" त्यांनी हात पुसले आणि पहिल्यांदाच भाजी बाजूला ठेवून माझ्याशी बोलले.

"तिच्या भावाच्या घरी डोहाळजेवण होतं," ते म्हणाले. "मी फोटो काढाले उभा. बाया जमल्या, हीबी मधात उभी, हौसेनं. तं एक बाई म्हणे, 'तू जराशी बाजूले हो वो, फोटो आहे.' मी काळ्या कपड्याच्या आत होतो. कॅमेऱ्याच्या काचेवर सारं उलटं दिसते तुले माहीत आहे. उलटी दिसली ती मले, हळूहळू कोपऱ्यातून बाहेर जाताना. अन् मी काई बोललो नाई. फोटो काढला. तवापासून ती कॅमेऱ्यापुढं उभी नाई राह्यली, अन् मी बायांच्या घोळक्याचा फोटो नाई काढला. भाजी बरी. ती कोणाले बाजूले सारत नाई." मग म्हणाले, "तुहं डोहाळजेवण माह्या स्टुडिओत करू. फोटो मी काढतो. पाहू काय होते ते."

सासूबाई आर्वीकडून आल्या. बाई कडक. रीत म्हणजे रीत. त्यांच्यापुढे आमचे हे सुद्धा टोपी नीट करत. येताना शेतातलं एक मोठं कोहळं आणलं होतं. डोहाळजेवणाच्या सकाळी मी सहज त्याला हात लावला तर खेकसल्या, "दूर हो! थोरल्या लेकाले माय कापते काय?" ह्यांना बोलावून पहिली चीर देववली, मगच विळी पुढे ओढली. आणि चिरता चिरता मला बजावलं, "पहिली ओटी मास्तरीणबाई भरतील. चार लेकरं आहेत त्यांले." मास्तरीणबाई म्हणजे स्टेशनमास्तरांच्या घरच्या, चांगल्या होत्या बिचाऱ्या. मी म्हटलं, "काकू भरणार नसतील तर मी पाटावरच बसणार नाही." सासूबाईंनी नुसतं पाहिलं माझ्याकडे. लिंबू लिंबू म्हणून काय झालं, त्या नजरेपुढे माझाही रस आटला.

दुपारी स्टुडिओत गेलो आणि बाया दारातच थबकल्या. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरतात, हे सगळ्यांना माहीत. काकांनी भरली होती भाज्यांची! कमानीवर दोडक्यांच्या माळा, मधे हिरव्या-लाल मिरच्यांचे झुबके, दोन्ही बाजूंना टमाट्यांच्या उतरंडी, पायाशी वांग्यांची जांभळी रांगोळी, आणि पाटाच्या मागे कोबी उमलवून ठेवलेले. पांढऱ्या चादरीवर उत्तरेचा तो मऊ उजेड. "अवो माय!" एक जण म्हणाली, "सिंदीत फुलं संपली काय?" काका म्हणाले, "फूल सांजेले मान टाकते. वांगं चार दिस तसंच राह्यते. अन् मंग खाताबी येते." मला मात्र ते पाहून भरून आलं. आई असती तर तिनेही एवढं केलं नसतं, खरं सांगते.

पाटावर मी बसले. सासूबाईंनी दंडाला धरून बसवलं म्हणून बसले. काकू आल्या होत्या, पण दाराच्या चौकटीला टेकून, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. ओटीचं ताट सासूबाईंनी उचललं आणि मास्तरीणबाईंकडे वळल्या. मी हात पदराखाली घट्ट धरून ठेवले. पदर पसरायचाच नाही.

तेवढ्यात काळ्या कपड्याच्या आतून आवाज आला, "बाई, एक इचारू काय?"

सगळ्या दचकल्या. पुरुषमाणूस तेवढाच, आणि तो कॅमेऱ्यात शिरलेला. काका कपड्यातून बाहेर आले. केस सगळे उभे राहिलेले. सासूबाई म्हणाल्या, "इचारा."

"कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक, हे खरं काय?"

"खरं म्हणजे? आमच्या आजीच्या आजीपासून आहे."

"सकाळी तुमी सुनेले कापू नाई देल्लं."

"कशी देईन? लेक आहे तो."

काकांनी भिंतीकडे बोट केलं. खुर्चीवर बसलेली ती कोहळ्यांची रांग, कुंची घातलेली, काळा दोरा बांधलेली. "मंग हे सारे हिचे," ते म्हणाले. बोट भिंतीवरून काकूंकडे गेलं. "हिनं बी पेरलं, पाणी घातलं, राखलं. एकाले सुरी लागू देल्ली नाई मी. तुमची रीत खरी असन, तं हिच्याइतकी लेकुरवाळी या गावात दुसरी दाखवा. अन् रीत खोटी असन, तं मंग लेकुरवाळीनंच ओटी भराची ही रीत तरी खरी कायले?" आयुष्यात कोहळ्याशी, दोडक्याशी बोललेला माणूस. माणसांपुढे एवढं लांब बोलायची सवय नव्हती.

काकू चौकटीवरून निघून जाणार असं वाटलं. सासूबाई ताट हातात घेऊन भिंतीजवळ गेल्या. एकेक फोटो नीट पाहिला. खुळखुळ्याच्या फोटोपाशी जरा थांबल्या. तोंडातली सुपारी इकडची तिकडे झाली. मग न वळताच म्हणाल्या, "इतके लेक, अन् एक रडत नाई, एक भांडत नाई. लय गुणाचे हो तुमचे." बायांमध्ये खसखस पिकली. सासूबाईंनी दाराकडे पाहून हाक मारली, "ये वो बाई, भर ओटी. तिथं काऊन उभी आहे पाहुणीसारखी? पदर सावर, फोटो निघून राह्यला."

काकू आल्या. माझ्यापुढे बसल्या. खण, तांदूळ, नारळ, आणि पाच फळं, ती काकांनीच निवडलेली, सगळी जराजरा वाकडी. मी पदर पसरला. "हालू नका!" काका कपड्यातून ओरडले. मी दगडासारखी बसले, मास्तरीणबाई बसल्या, सासूबाई तर देवीसारख्या. काकूंच्या ओंजळीतले तांदूळ मात्र माझ्या ओटीत पडतच राहिले, आणि त्या ओंजळीला थरथर सुटलेली.

काका बऱ्याच वेळाने अंधाऱ्या खोलीतून ओली काच घेऊन आले. "हालली," म्हणाले. वांगी लख्ख, मिरची न् मिरची मोजून घ्यावी अशी, आमचे सगळ्यांचे चेहरे स्वच्छ, आणि मधे काकूंचे हात नुसते धुक्यासारखे. झाडू घ्यायच्या सवयीने काकू उठल्याही. काका म्हणाले, "बस खाली. ही फोडाची नाई." तोच फोटो मोठा करून त्यांनी कोहळ्यांच्या रांगेच्या टोकाला लावला.

दिवाळीच्या आधी मला मुलगी झाली. सुखरूप. बारशाच्या सकाळी मी बाळाला घेऊन ओसरीवर बसले होते. काकू शिडीवरून कवेलूंवर चढल्या, कोणाचं ऐकतात थोड्याच! त्या सालचं पहिलं कोहळं देठापासून खुडून खाली आणलं. चांगलं गोल, भारी. मला वाटलं आता खुर्ची निघणार. तर काकूंनी ते काकांच्या पुढ्यात ठेवलं आणि वर सुरी ठेवली.

"कापा," म्हणाल्या.

काका पाहतच राहिले. "याले?"

"पंगतीले भाजी पाह्यजे. पोरीचं बारसं आहे. थोरल्यानं तेवढं कराले नको बहिणीसाठी?"

काकांनी सुरी घेतली. हात असा हलत होता की मीच म्हटलं, "हालू नका काका!" ते हसले, डोळे पुसले, आणि एका दमात चीर दिली. कोहळं उघडून दोन बाजूंना पडलं. आत केशरी रंग, मधे धाग्यांचं जाळं, त्यात बियांच्या रांगा. इतक्या वर्षांत या माणसाने आपल्या वेलाचं ताजं कोहळं आतून पाहिलंच नव्हतं. दोन्ही फाकांकडे ते वाकून वाकून पाहू लागले. "अवो, इकडं ये," काकूंना म्हणाले, "आतून असं असते काय हे!"

काकूंनी भाजीसाठी पातेलं पुढे केलं, तर काका दोन्ही फाका पोटाशी धरून स्टुडिओकडे पळाले. चूल पेटलेली, फोडणीचं तेल तापलेलं, पाहुणे हातपाय धुऊन पाटावर बसलेले, आणि सासूबाई ओरडतायत, "अरे, कुठं नेलं कोहळं?" काकूंनी कढई खाली उतरवली आणि पदराने हात पुसत शांतपणे पाहुण्यांना सांगितलं, "थोडा वेळ थांबा. आमच्या थोरल्याचा फोटो निघून राह्यला."